कविता लिहिणाऱ्याने चित्रपट समीक्षेचा पेशा धरावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठीत एम.ए. केलेली एक तरुणी सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. तिच्या कविता नियतकालिकांत छापून येतात आणि वर्षभरापासून ती शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमांची परीक्षणं लिहिते आहे. ती विचारते: समीक्षा हा पेशा होऊ शकतो का? त्याने कविता आटते का? शिक्षण कुठे घ्यावं? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामात उतरावं का?

मी दोन्ही लिहितो आणि दोन्ही बरीच वर्षं लिहितो आहे. म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

पेशा होतो. पण नुसत्या परीक्षणांच्या मानधनावर घर चालत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. मराठीत फक्त चित्रपट समीक्षेसाठी पगार घेणारी माणसं फार थोडी आहेत. बाकीचे महाविद्यालयात शिकवतात, डेस्कवर बातम्या लावतात, अनुवाद करतात, बँकेत असतात आणि उरलेल्या वेळात सिनेमावर लिहितात. त्यातल्या काहींनी फार मोलाचं लिहून ठेवलं आहे. पैशांकडे पुढे येतो. आधी कविता आटण्याचा प्रश्न, कारण तुमच्या पत्रात खरी काळजी तिथेच दिसते.

या वाटेने गेलेले दोन अमेरिकन कवी मला सारखे आठवतात. दोघांची वागण्याची तऱ्हा उलट होती.

कार्ल सँडबर्ग 1920 ते 1928 या काळात 'शिकागो डेली न्यूज'चे चित्रपट समीक्षक होते. तेव्हा ते चांगलेच नावाजलेले कवी होते. मूकपटांचा सुवर्णकाळ होता, दर आठवड्याला नवे सिनेमे येत होते आणि सँडबर्ग नेमाने त्यांवर लिहीत होते. पण सिनेमे पाहणं आणि त्यांवर लिहिणं त्यांनी आठवड्याच्या एका कोपऱ्यात बसवलं होतं. उरलेला वेळ स्वतःच्या लेखनाला. त्या आठ-नऊ वर्षांत त्यांचे तीन कवितासंग्रह आले, मुलांसाठी गोष्टी आल्या, लोकगीतांचं मोठं संकलन आलं आणि 1926 मध्ये लिंकनच्या चरित्राचे पहिले दोन खंड आले. पुढे त्याच चरित्राच्या उत्तरार्धाला 1940 मध्ये आणि समग्र कवितेला 1951 मध्ये पुलित्झर मिळालं. समीक्षेच्या नोकरीने त्यांचा संसार चालवला आणि कवितेला धक्का लावला नाही. मात्र आज सँडबर्गची परीक्षणं वाचणारे अभ्यासकच. त्यांत उमदेपणा आहे, लोकांविषयी प्रेम आहे, अधूनमधून फार सुंदर वाक्यं आहेत. पण जीव ओतलेला दिसत नाही. तो त्यांनी दुसरीकडे ओतला होता.

दुसरे जेम्स एजी. 1909 चा जन्म, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलचे. 1934 मध्ये येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेत त्यांचा कवितासंग्रह आला. हयातीत आलेला तो एकच. 1941 पासून 'टाइम'मध्ये आणि 1942 च्या अखेरीपासून 'द नेशन'मध्ये ते सिनेमावर लिहू लागले आणि 1948 पर्यंत दोन्हीकडे लिहीत राहिले. 'टाइम'मध्ये लेखकाचं नाव नसे, मजकूर त्या साप्ताहिकाच्या साच्यात बसवावा लागे. 'द नेशन'मधला स्तंभ त्यांच्या नावाने येई, आणि तिथे ते वाटेल तितकं थांबून, वाटेल तितकं वाकून सिनेमाकडे पाहत. पहिल्याच स्तंभात त्यांनी आपण हौशी प्रेक्षक आहोत असं वाचकांना सांगून टाकलं होतं. ज्याला सिनेमाची फारशी आवड नव्हती अशा ऑडेनसारख्या कवीने 1944 मध्ये संपादकांना पत्र लिहून या स्तंभाची मुक्तकंठाने स्तुती केली. 1947 मध्ये चॅप्लिनच्या एका सिनेमावर चौफेर टीका झाली, तेव्हा एजींनी तीन भागांत त्याची बाजू मांडली. 1949 मध्ये 'लाइफ'मध्ये मूकपटांतल्या विनोदवीरांवर लिहिलेला त्यांचा प्रदीर्घ निबंध तर आजही वाचला जातो. पुढे ते पटकथा लिहू लागले आणि 1955 मध्ये, 45 व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीत हृदयविकाराच्या झटक्याने गेले. कविता मात्र पहिल्या संग्रहानंतर मागेच पडली.

म्हणजे एकाने कविता सांभाळली आणि ठीकठाक समीक्षा केली. दुसऱ्याने कवितेची सगळी ताकद समीक्षेत आणि गद्यात घातली, आणि अजोड समीक्षा मागे ठेवली. दोन्ही गोष्टी सारख्याच अव्वल दर्जाच्या एकाच वेळी करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा कविता आटेल का, यापेक्षा दिवसातला चांगला वेळ कोणाला देणार हे आधी ठरवा. तुमच्या कविता वाचल्यावर माझं मत असं आहे की तुम्ही सध्या सँडबर्गसारखं वागावं. पाच-सात वर्षांनी ओढ सिनेमाकडेच जास्त आहे असं दिसलं, तर दिशा बदला. त्यात कवितेशी गद्दारी नाही.

कविता आटते ती सिनेमे पाहून नव्हे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निकाल देऊन मोकळं व्हायची सवय लागते, तिने आटते. परीक्षण लिहिणाऱ्याला मत असावंच लागतं, तेही ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या शब्दांत. कविता लिहिणाऱ्याला बराच काळ मत नसलेल्या अवस्थेत बसून राहावं लागतं. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच दुपारी करायला गेलात की कवितासुद्धा निकाल देऊ लागते आणि तिचा शेवट आधीच ठरून जातो. मी कविता सकाळी लिहितो, फोन हातात घेण्याआधी. परीक्षणं दुपारनंतर. आणखी एक पथ्य पाळतो: सिनेमा पाहिला त्या दिवशी कविता लिहीत नाही. डोक्यात दुसऱ्याने निवडलेल्या, दुसऱ्याने उजळलेल्या प्रतिमा असतात. त्या आपल्या वाटतात, पण आपल्या नसतात.

आता उलट बाजू. कवीचा समीक्षेला काय उपयोग?

तुमची परीक्षणं वाचली. भाषा छान आहे, आणि तिथेच मला धोका दिसला. तुम्ही कवितेतलं जे समीक्षेत आणता आहात ते शब्दांचं सौंदर्य आहे. आणायला हवी ती नजर. कवीला एक गोष्ट येते जी इतरांना कष्टाने शिकावी लागते: शंभर गोष्टींतून एक उचलायची आणि ती नेमकी, कमीत कमी शब्दांत वाचकासमोर ठेवायची. समीक्षेत तेवढंच आणा. उपमा, अलंकार आणि परीक्षणाच्या शेवटी येणाऱ्या त्या हळव्या ओळी घरी ठेवा.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ते स्वतः कवी, त्यांचा कवितासंग्रह सिनेमाच्या आधीचा. त्यांच्या 'फँड्री' (2013) मध्ये शाळकरी नायक जब्याच्या बापाची, कचरूची भूमिका करणारे किशोर कदम म्हणजे कवी सौमित्र. कवीने केलेला आणि कवीने जगलेला हा सिनेमा. त्यावर लिहिताना 'काळीज चिरत जाणारं दाहक वास्तव', 'पडद्यावरची धगधगती कविता' असं लिहायचा मोह कुणालाही होईल. असं लिहून झाल्यावर वाचकाला काय दिसतं? काहीच नाही.

त्याऐवजी हे पाहा. शाळेजवळ सगळं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय. वर्गातली मुलं बघतायत, हसतायत. जब्याला तोंड लपवायला जागा नाही. डुक्कर हाती लागणार, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मग घरचेही उभे राहतात. डुक्कर निघून जातं. पुढे पकडलेलं डुक्कर बांबूला उलटं टांगून ते शाळेच्या भिंतीसमोरून नेतात. भिंतीवर चित्रं आहेत: बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत, शाहू महाराज आहेत, गाडगेबाबा आहेत. कॅमेरा तिथे कुठलीही टिप्पणी करत नाही. माणसं भिंतीसमोरून चालत जातात, इतकंच.

एवढं नीट सांगा आणि मग एकच प्रश्न विचारा: त्या क्षणी आदर कोण दाखवतंय आणि तो त्यांना कोण दाखवतंय? परीक्षण झालं. यात एकही अलंकार नाही, पण हे फक्त कवीच इतक्या थोडक्यात लिहू शकतो, कारण राष्ट्रगीत आणि भिंत या दोन गोष्टी उचलायच्या आणि बाकीच्या पन्नास सोडायच्या, ही निवड कवितेच्या सरावातून येते.

मी सिनेमागृहात अंधारात वहीत मतं टिपत नाही. दिसलेलं टिपतो. 'दार अर्धं उघडं, आईचा फक्त हात', 'पंख्याचा आवाज बंद, मग भांडण', अशा नोंदी. घरी आल्यावर मत आपोआप त्यांतून निघतं, आणि निघालं नाही तर सिनेमा मला कळलेला नाही असं धरून मी तो पुन्हा पाहतो. पहिल्या खर्ड्यावर एक चाचणी लावतो: हे वाक्य दुसऱ्या एखाद्या सिनेमाला जसंच्या तसं लागू पडतं का? पडत असेल तर काढून टाकतो. 'नेत्रसुखद छायाचित्रण', 'श्रवणीय संगीत', 'अंतर्मुख करणारा अनुभव', 'दिग्दर्शकाने शिवधनुष्य लीलया पेललं आहे' ही सगळी वाक्यं तिथेच गळतात. तुमच्या गेल्या महिन्यातल्या परीक्षणांना ही चाचणी लावून बघा, बराच मजकूर कमी होईल. जी जागा रिकामी होईल तिथे आवाज, संकलन, कॅमेऱ्याची उंची, पात्रं एकमेकांपासून किती अंतरावर उभी केली आहेत हे लिहा. कवींना सिनेमातला आशय पटकन दिसतो आणि कारागिरी उशिरा दिसते. ही उणीव प्रयत्नाने भरून काढावी लागते.

आणखी एक गोष्ट कवींच्या बाबतीत होते. संथ, पावसाचे, धुक्याचे, कमी बोलणारे सिनेमे त्यांना आपोआप चांगले वाटू लागतात. हे टाळा. एजींचा तो 1949 चा निबंध धडपडणाऱ्या, आपटणाऱ्या, पळणाऱ्या माणसांवर आहे. चॅप्लिन, कीटन, लॉइड आणि लँग्डन यांच्यावर. कोण कसा चालतो, कोणाचा चेहरा कधी हलत नाही, हसू कुठल्या टप्प्याने वाढत जातं, हे त्यांनी एखाद्या छंदाची मात्रा मोजावी तसं मोजून सांगितलं आहे. गल्लाभरू विनोदी सिनेमावर चांगलं लिहिणं ही खरी परीक्षा आहे, आणि तुमच्या वाचकांतले बहुतेक लोक तोच सिनेमा पाहायला जाणार असतात.

सोलापूर ही तुमची जमेची बाजू आहे. मुंबई-पुण्याच्या समीक्षकाला जे मिळत नाही ते तुम्हाला दारात मिळतं. शहरात तेलुगू बोलणारा मोठा विणकर समाज आहे, कन्नड घराघरात आहे, आणि तेलुगू सिनेमावर जीव टाकणारा प्रेक्षक कसा शिट्ट्या मारतो हे तुम्ही जवळून पाहू शकता. त्यावर मराठीत जवळजवळ कुणी नीट लिहीत नाही. मी तुमच्या जागी असतो तर तेच क्षेत्र धरलं असतं.

एक कडक नियम सांगतो. मराठीत कवी, गीतकार, दिग्दर्शक, नट ही माणसं एकाच वर्तुळात फिरतात. कविसंमेलनात शेजारी बसलेला मित्र पुढच्या महिन्यात सिनेमाची गाणी लिहितो. उद्या तुम्हालाही कुणी गाणं मागेल. ज्या काळात परीक्षणं लिहिता त्या काळात गाणी लिहू नका. लिहायचीच असतील तर परीक्षणं थांबवा. शांता शेळके सेन्सॉर बोर्डावर होत्या, त्या काळात चित्रपटगीतांवर त्यांनी 'डॉ. वसंत अवसरे' हे नाव घातलं. आपल्या दोन भूमिका एकमेकींत मिसळू नयेत ही काळजी त्यांना होती. आजच्या काळात टोपणनाव दोन दिवसांत उघडं पडतं, तेव्हा दूर राहणं हाच मार्ग. मित्राच्या सिनेमावर लिहिणं टाळता आलं नाही, तर पहिल्या परिच्छेदातच ओळख सांगा. आणि निर्मात्याकडून किंवा त्याच्या प्रसिद्धी संस्थेकडून परीक्षणासाठी पैसे घेऊ नका, मग ती रक्कम 'प्रवासखर्च' या नावाने येवो की 'डिजिटल पॅकेज' या नावाने. एकदा घेतलेत की तुमच्या पुढच्या प्रत्येक स्तुतीकडे लोक संशयाने बघणार.

शिक्षणासाठी पदवी लागत नाही, पण पुणे लागतं, निदान काही आठवडे. एफटीआयआय ही सिनेमाचं शिक्षण देणारी संस्था आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम घेतात. जगातले सिनेमे क्रमाने पाहायचे आणि त्यावर रोज चर्चा करायची. लॉ कॉलेज रस्त्यावरचं हे संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते एकहाती म्हणावं इतक्या निष्ठेने उभं केलं. तिथल्या ग्रंथालयात जुन्या पुस्तिका, पोस्टर, परीक्षणांची कात्रणं पाहायला मिळतात. गोव्यात 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. सोलापुरातून आठवडाभर जाणं अवघड नाही. मुंबईत 1968 पासून प्रभात चित्र मंडळ आहे आणि त्यांचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक आहे. दीर्घ लेख तिथे पाठवा. दैनिकातली चारशे शब्दांची परीक्षणं विरून जातात. मराठीतली टिकलेली सिनेमासमीक्षा मुख्यतः पुस्तकांत आहे. अरुण खोपकर यांचं गुरुदत्त यांच्यावरचं पुस्तक राष्ट्रीय पुरस्काराने गौरवलं गेलं आणि नंतर 2015 चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना मिळाला. त्यांच्या गद्यात संगीत, चित्रकला, वास्तुकला सगळं येतं, पण डोळा पडद्यावरून हलत नाही. समीक्षकांसाठीही 1984 पासून राष्ट्रीय पुरस्कार आहे. आसामीतले मनोज बरपुजारी कविताही लिहितात आणि सिनेमावरही, आणि 2011 सालासाठी हा पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे देशातल्या इतर भाषांतही ही जोडी जमलेली आहे.

इतिहासाची तोंडओळख हवी असेल तर एवढंच लक्षात ठेवा की सिनेमाला कला म्हणून गांभीर्याने घेणाऱ्या पहिल्या लेखकांत कवी पुढे होते. व्हॅचेल लिंडसे या अमेरिकन कवीने 1915 मध्येच सिनेमाच्या कलेवर पुस्तक लिहिलं. 1927 ते 1933 मध्ये निघणाऱ्या 'क्लोज अप' मासिकात एच.डी. ही कवयित्री लिहीत होती. तुम्ही आगंतुक नाही आहात.

आता पैसे. कवी-समीक्षकाला शोभेल आणि बऱ्यापैकी मोबदला देईल असं एक काम आहे, ज्याकडे आपले लोक फारसे वळत नाहीत: सबटायटल लिहिणं. एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं, फार तर दोन ओळी, आणि पात्राचं तोंड मिटण्याआधी वाचून झालं पाहिजे. संवादाचा जीव ठेवून अर्धे शब्द काढायचे. हे काम कवितेचा सराव असलेल्या माणसाला लवकर जमतं. तुम्हाला तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर तुमची किंमत आणखी वाढते. ते करताना सिनेमा एकेका सेकंदाने पाहावा लागतो, त्यामुळे समीक्षाही सुधारते. ज्या सिनेमाचं सबटायटल केलं त्याचं परीक्षण मात्र लिहायचं नाही. याशिवाय महोत्सवांच्या पुस्तिकांसाठी टिपणं, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवणं, दिवाळी अंकांतले दीर्घ लेख हे आहेच. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच मजकूर गोळा करतात. विषय त्यांना जून-जुलैत कळवलेला बरा.

कविता पाठवणं थांबवू नका. समीक्षक म्हणून नाव झालं की संपादक तुमच्याकडे लेखच मागतात, आणि कविता मागे पडली हे कळतही नाही. धुळ्याच्या 'कविता-रती'सारख्या फक्त कवितेला वाहिलेल्या नियतकालिकाकडे नेमाने पाठवत राहा. तिथे तुम्ही सिनेमाविषयी काय म्हणता याचं कुणाला काही नसतं.

नोकरी सोडू नका. डेस्कवरची नोकरी थकवते हे खरं, पण ती रोज मजकूर कापायला शिकवते, आणि तिच्यामुळे एखाद्या निर्मात्याला न आवडणारं परीक्षण लिहिताना महिन्याच्या किराण्याची चिंता नसते. संपादकांशी बोलून गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवार सकाळ मोकळी मागून घ्या. सिनेमाला चांदण्या (स्टार) देण्याची सक्ती असेल तर द्या, पण आधी पूर्ण मजकूर लिहा आणि मग चांदण्या ठरवा. उलट केलंत तर मजकूर चांदण्यांना पटवत बसतो. रसास्वाद अभ्यासक्रमासाठी आत्ताच रजा टाकून ठेवा, उन्हाळ्यात लग्नसराईमुळे डेस्कवर माणसं कमी असतात आणि ऐनवेळी रजा मिळत नाही. आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला एक परीक्षण दोनदा लिहा: एक छापण्यासाठी, दुसरं शब्दमर्यादा नसल्यासारखं, फक्त एका दृश्यावर. ती दुसरी परीक्षणं मला पाठवा, मी वाचून सविस्तर कळवतो.